घरासाठी लॅन केबल घेताय? कॅट ५ई, ६, ६ए, ७, ८ यातलं काय घ्यायचं आणि घेताना काय तपासायचं

२०० किंवा ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, राउटर बरा आहे, लॅपटॉपला थेट केबल लावलीये आणि तरी स्पीडटेस्ट ९३-९४ च्या वर सरकत नाही. हा आकडा ऐकला की राउटरवाल्याला किंवा कंपनीला शिव्या घालायच्या आधी केबल बघायची. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, म्हणजे पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला (१ जीबीपीएस), चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा जॅकमध्ये नीट बसली नाही की दोन्हीकडची उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात, नेट चालू राहतं, त्यामुळे महिनोन्महिने कुणाला पत्ताच लागत नाही. (टीव्हीवर किंवा जुन्या राउटरवर हे दिसलं तर त्याचा पोर्टच १०० चा असू शकतो, ते पुढे येतंच.)

आता बहुतेक ठिकाणी फायबर घरातल्या त्या पांढऱ्या डब्यापर्यंत, म्हणजे ओएनटीपर्यंत येतं. तिथपर्यंत कंपनीची जबाबदारी, तिथून पुढे खोल्याखोल्यांत नेट न्यायचं ते आपलं. वायफायने भागतं त्यांनी खुशाल भागवा, पण नवीन फ्लॅटचं फर्निचर काढताय, बंगला बांधताय किंवा दुकानात कॅमेरे लावताय तर वायर टाकायची हीच वेळ, नंतर भिंत फोडायला घरात कुणी परवानगी देत नाही.

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगून टाकतो: साध्या फ्लॅटला शुद्ध तांब्याची, अखंड तारेची, बिनशील्डची (आत धातूचं वेष्टण नसलेली) कॅट ६ घ्या. बॉक्सवर आकडा मोठा आहे की लहान यापेक्षा आत तांबं आहे की नाही आणि टोकं कुणी बसवली यावर जास्त अवलंबून असतं. बाकीचा लेख म्हणजे हे असं का, आणि कधी वेगळं घ्यायचं.

दुकानात जायच्या आधी टेप घ्या

ओएनटी कुठे बसणार, टीव्ही कुठे, कामाचं टेबल कुठे, दुसरा राउटर लावायचा झाला तर कुठे, हे कागदावर काढा आणि वायर जशी खरंच जाणार तशी मोजा. म्हणजे भिंतीतून वर, पीओपीच्या वरून आडवी, परत खाली. सरळ अंतर आठ मीटर दिसतं आणि वायर अठरा मीटर लागते, असं सर्रास होतं. दोन्ही टोकांना मीटर-दीड मीटर जास्तीची धरा.

तांब्याच्या केबलची हद्द एकूण १०० मीटर आहे, त्यात ९० मीटर भिंतीतली पक्की आणि उरलेले १० दोन्ही टोकांच्या लवचिक तुकड्यांसाठी, असा हिशोब धरतात. २ बीएचकेमध्ये कुठलीही लाईन २५ मीटरच्या वर जाणं अवघड, म्हणून लांबीची काळजी फ्लॅटवाल्यांनी करायचीच नाही. मोठं शेतघर, सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा, शाळा, तिथे मात्र १०० मीटर पटकन संपतात.

आणि एक, जिथे एक लाईन न्यायची आहे तिथे दोन न्या. मजुरी तीच, वायरचे थोडे पैसे वाढतात, आणि उद्या एक खराब झाली की दुसरी आहे. टीव्हीच्या मागे तर दोन पाहिजेतच, कारण टीव्ही, सेटटॉप बॉक्स, गेमिंगचं डबडं सगळं तिथेच गोळा होतं.

कॅटचे आकडे: कुठला कशासाठी

कॅट म्हणजे कॅटेगरी, आणि मेगाहर्ट्झ म्हणजे केबल किती फ्रिक्वेन्सीपर्यंतचा सिग्नल नीट नेते त्याचं माप. कॅट ५ई. १०० मेगाहर्ट्झची केबल, १ जीबीपीएस पूर्ण १०० मीटर नेते. २०१६ मध्ये आलेल्या ८०२.३बीझेड स्टँडर्डनंतर याच केबलवर अडीच जीबीपीएससुद्धा चालतं, हे दुकानदार तुम्हाला सांगणार नाही. म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमध्ये बिल्डरने भिंतीत ५ई टाकून ठेवली असेल आणि ती तांब्याची असेल तर तिला हात लावू नका, फक्त टोकं नवीन बसवा. नुसतं कॅट ५ लिहिलेली, ई नसलेली मिळाली तरी छोट्या अंतरावर ती गिगाबिट चालवते बऱ्याचदा, पण नवीन घेऊ नका.

कॅट ६. २५० मेगाहर्ट्झ. १ आणि ५ जीबीपीएस १०० मीटरपर्यंत, आणि १० जीबीपीएस साधारण ५५ मीटरपर्यंत. खूप केबल्स एकत्र घट्ट बांधल्या असतील तर हे अंतर ३७ मीटरच्या आसपास येतं. आता तुमच्या फ्लॅटमधली सगळ्यात लांब लाईन २५ मीटर, म्हणजे घरात कधी १० गिगाबिटचं काही आलंच तरी हीच केबल ते ओढेल. ५ई आणि ६ च्या किमतीतला फरक अख्ख्या घराच्या खर्चात जाणवत नाही, म्हणून नवीन टाकताना ६ च घ्यायची.

कॅट ६ए. ५०० मेगाहर्ट्झ, १० जीबीपीएस पूर्ण १०० मीटर. चांगली केबल आहे, पण जाड आणि हट्टी. सात-आठ मिलिमीटरची ही वायर २० मिलिमीटरच्या कन्सील पाईपमध्ये दोन वळणं घेऊन ओढताना इलेक्ट्रिशियन तुमच्या नावाने बोटं मोडेल, आणि मॉड्युलर स्विचबोर्डच्या बॉक्समध्ये ती वळवून बसवणं म्हणजे वेगळीच कुस्ती. ऑफिस, स्टुडिओ, मोठे व्हिडिओ सर्व्हरवर ठेवून एडिट करणारे लोक, ५५ मीटरच्या वरच्या लाईनी, एवढ्यांसाठी.

कॅट ७ चा प्रकार गमतीशीर आहे. आयएसओच्या स्टँडर्डमध्ये ही आहे, ६०० मेगाहर्ट्झची, पण टीआयए या अमेरिकेतल्या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने तिला कधी मान्यताच दिली नाही, आणि तिच्यासाठी ठरवलेले कनेक्टर जीजी ४५ किंवा टेरा, आपला नेहमीचा लॅनचा जॅक, म्हणजे आरजे ४५ नव्हे. मग ऑनलाईन तीनशे-चारशे रुपयांत आरजे ४५ लावलेली चपटी 'कॅट ७' मिळते ती काय असते? नाव असतं. चपटी पातळ पट्टी ही कॅट ७ ची बांधणीच नाही.

कॅट ८ खरी आहे, २००० मेगाहर्ट्झ, २५ आणि ४० जीबीपीएस, पण फक्त ३० मीटर, डेटा सेंटरमधल्या रॅकसाठी काढलेली. 'गेमिंगसाठी कॅट ८, पिंग कमी' अशी जाहिरात दिसली की पुढे चला. केबलमधून सिग्नलला एका मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, दहा मीटरला ५०. तुमचा पिंग, म्हणजे सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, मिलिसेकंदात मोजतात, आणि एका मिलिसेकंदात दहा लाख नॅनोसेकंद असतात. गुणाकार तुम्हीच करा.

आकड्यांच्या नादात समोरचा पोर्ट बघायचा राहतो. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट आजही १०० एमबीपीएसचाच असतो, महागड्या टीव्हीतसुद्धा. ४के सिनेमाला २५ एमबीपीएसच्या आसपास पुरतात म्हणून कंपन्यांना त्याची पडलेली नसते. अशा टीव्हीला कॅट ६ए लावा नाहीतर सोन्याची तार लावा, ९४ च मिळणार. जुन्या राउटरचेही पोर्ट १०० चे असतात, आधी ते तपासा.

खरी मेख: तांबं की तांब्याचा मुलामा

बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियमची तार आणि वरून तांब्याचा पातळ थर. बाहेरून हुबेहूब तांबं दिसतं, बॉक्सवर कॅट ६ छापलेलं असतं, किंमत निम्मी. पण कॅट ५ई, ६, ६ए या कुठल्याच स्टँडर्डमध्ये सीसीए बसत नाही, तिथे सरळ तांबंच मागितलंय. सीसीएचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीच्या वर जातो, तार वाकवली की लवकर तुटते, सॉकेटच्या खाचेत दाबून बसवताना (पंच करताना) सैल बसते आणि काही वर्षांनी सांध्यावर गंज धरून कुरकुर सुरू होते. १५ मीटरला नवीन असताना नेट मस्त चालतं, म्हणून घेणाऱ्याला पटतंही की स्वस्तात काम झालं.

ओळखायची कशी? बॉक्सवर 'प्युअर कॉपर' किंवा 'बेअर कॉपर' छापलंय का बघा, आणि सीसीए ही तीन अक्षरं बारीक अक्षरात कुठे लपलीत का तेही. नुसतं 'हाय क्वालिटी कंडक्टर' असं काहीतरी मोघम असेल तर संशय घ्या. मग काउंटरवरच एक तार सोलून ब्लेडने खरवडा. तांबं आतपर्यंत लालसर राहतं, सीसीएची चांदीसारखी पांढरी पडते. टोक तिरकं कापून मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा, अगदी स्पष्ट दिसतं. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही, नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

वजन हा दुसरा उपाय. ३०५ मीटरचा, म्हणजे हजार फुटांचा बॉक्स असतो. गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी तार जाड. २३ गेजच्या कॅट ६ मध्ये आठ तारांचं नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं, प्लास्टिक वेगळं. तेवढ्याच जाडीच्या सीसीएत ते दोन किलोच्या आसपास येतं. दोन कंपन्यांचे बॉक्स दोन हातांत उचलले तर काटाच लागत नाही.

वायर आधीच टाकून झाली असेल तर मल्टिमीटर काढा. एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा एकत्र पिळा, दुसऱ्या टोकाला त्याच जोडीवर ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा, नाहीतर छोट्या लांबीला हिशोब चुकतो. ३० मीटरच्या लाईनला २३ गेज तांब्यात ४ ओहमच्या आसपास यायला हवं, २४ गेजमध्ये ५. आठ-नऊ दाखवलं तर एकतर लांबी तुम्ही समजता त्याच्या दुप्पट आहे, नाहीतर तांबं नाही.

लांबीचंही बघून घ्या. केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, सोबत कॅट ६, यूटीपी (म्हणजे बिनशील्डची), २३ एडब्ल्यूजी (म्हणजे गेज) वगैरे. सुट्या मीटरवर घेताना सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा बघून वजाबाकी करायची, दुकानदाराच्या हातवाऱ्यावर जायचं नाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे सुटी वायर मिळते, पण चार-पाच लाईनी टाकायच्या असतील तर सीलबंद बॉक्स किंवा १०० मीटरचं बंडल परवडतं. फिनोलेक्स, पॉलिकॅब, डी-लिंक अशा नावांची बिलासकट घ्या. बिलावर कॅट ६ कॉपर असं लिहून मागा, तेवढ्याने दुकानदाराचा सूर बदलतो.

भिंतीतली वेगळी, टेबलावरची वेगळी

भिंतीतल्या केबलची प्रत्येक तार अखंड एकच असते, सॉलिड. टेबलामागची लवचिक पॅच कॉर्ड बारीक तारांच्या गुच्छाची, स्ट्रँडेड. सॉलिड वारंवार वाकवली की तुटते, स्ट्रँडेडमध्ये सिग्नल जास्त झिजतो. म्हणून भिंतीतून सॉलिड आणायची, तिथे सॉकेटमध्ये संपवायची आणि सॉकेटपासून लॅपटॉपपर्यंत तयार पॅच कॉर्ड लावायची. आपल्याकडे भिंतीतून बाहेर लोंबणाऱ्या वायरीलाच थेट जॅक क्रिम्प करून द्यायची पद्धत आहे, ती जितकी टाळाल तितकं बरं, कारण लॅपटॉप रोज काढता-लावता ती वायर मुळाशी तुटते आणि भिंतीत परत खेचायला जागा नसते.

पॅच कॉर्ड तयारच घ्या, हाताने बनवू नका. दोन-तीन मीटरसाठी ५ई सुद्धा चालते. चपटी केबल कार्पेटखालून किंवा दाराच्या फटीतून न्यायला ठीक, भिंतीत नको.

शील्ड घ्यायची का?

घरात नाही. यूटीपी म्हणजे बिनशील्डची, एफटीपी म्हणजे वर फॉइल गुंडाळलेली, एस/एफटीपी म्हणजे जाळी आणि प्रत्येक जोडीला फॉइल. शील्डचा उपयोग तेव्हाच, जेव्हा जॅक, सॉकेट, रॅक सगळं धातूचं आणि शेवटी पक्कं अर्थिंग असेल. आपल्याकडे कित्येक घरांत थ्री-पिनच्या अर्थला नुसतीच रिकामी वायर असते, तिथे शील्ड म्हणजे हवेत लोंबणारी अँटेना. वर्कशॉप, मोठ्या मोटारी, वेल्डिंग, लिफ्टच्या शाफ्टशेजारून जाणारी लाईन असेल तर विचार करा आणि मग अर्थिंगसकट सगळं करा.

गच्ची, गॅलरी, पाऊस आणि वीज

घरातल्या केबलचं आवरण पीव्हीसीचं, राखाडी किंवा निळं. ते उन्हात ठेवलं की एक-दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं, आणि मग पावसात पाणी आत शिरून जोड्यांमधून पार जॅकपर्यंत उतरतं. बाहेरून जाणार असेल तर काळ्या पीई आवरणाची आउटडोअर केबल घ्या, जमिनीखालून पाईपमध्ये घालायची असेल तर आत जेल भरलेली. घरात शिरायच्या आधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकतं, भोकातून आत येत नाही. भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडायचं, नंतर सिलिकॉन.

कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने जॅकच्या पिना हिरव्या पडतात. तिथे सोन्याचा मुलामा जाड असलेले जॅक घ्यायला पैसे खर्च करा. यात एक विनोद आहे, पाकिटावर '५० मायक्रॉन गोल्ड' लिहितात, तो आकडा खरं तर मायक्रोइंचाचा असतो, म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या आसपास. तरी तो ३ किंवा ६ वाल्यापेक्षा कितीतरी टिकतो.

आणि वीज. वळवाच्या पावसात मे-जूनमध्ये आणि परत ऑक्टोबरमध्ये राउटर, नेटवर्क स्विच (एका लाईनीचे अनेक पोर्ट करणारा डबा), कॅमेरे जळाल्याच्या गोष्टी दरवर्षी ऐकू येतात. थेट वीज पडायची गरज नसते, जवळपास कुठे पडली तरी गच्चीवरून लोंबणाऱ्या लांब तांब्यात व्होल्टेज उसळतं. त्यातून दोन वेगवेगळ्या इमारतींचं अर्थिंग वेगळं, त्यांना तांब्याने जोडलं की अजून एक दुखणं. म्हणून बंगला ते आउटहाऊस, विंग ते विंग, घर ते गोठा, अशा जोडण्यांना तांबं नाहीच, फायबर टाका. दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारे छोटे डबे) आणि तयार टोकांची फायबर केबल आता परवडते, १०० मीटरची अटही सुटते आणि काच विजेला रस्ता देत नाही. फक्त केबलमध्ये ताणासाठी लोखंडी तार आहे का बघा. असेल तर आत आणायच्या आधी ती कापून बाजूला ठेवायची.

कॅमेरे असतील तर

आयपी कॅमेऱ्याला डेटा फार लागत नाही, एका कॅमेऱ्याला दोन ते आठ एमबीपीएस पुरतात. त्याला लागते ती वीज, जी याच केबलमधून पीओईने, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेटने जाते. साधा पीओई, म्हणजे २००३ चा ८०२.३एएफ, स्विचकडून १५.४ वॉट देतो आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ धरायचे. २००९ चा एटी ३० वॉट, २०१८ चा बीटी ९० पर्यंत. दिवसा चालणारा कॅमेरा रात्री बंद पडून परत चालू होतो ना, तिथे बऱ्याचदा इन्फ्रारेडचे दिवे लागल्यावर करंट वाढतो आणि लांब, पातळ किंवा सीसीएच्या वायरीत व्होल्टेज पडतं. पीओईला सीसीए वापरायचीच नाही, गठ्ठ्याने बांधलेल्या तर तापतात. ५० मीटरच्या वरच्या कॅमेऱ्याला २३ गेजची तांब्याची कॅट ६ घ्या. आणि सीसीटीव्हीवाल्याने '३+१ वायर टाकतो साहेब' म्हटलं तर ती जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्यांची कोएक्सियल असते, लॅन नव्हे.

टाकताना इलेक्ट्रिशियनजवळ उभे राहा

बहुतेक वायरमन लॅनला बेलची वायर समजतात आणि लाईटच्याच पाईपमधून ओढतात. नको. लॅनला वेगळा पाईप, २५ मिलिमीटरचा असेल तर दोन केबल आरामात जातात. मेन लाईनला समांतर जात असेल तर वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर तरी अंतर, आणि ओलांडायची झालीच तर काटकोनात. वळण केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचं, म्हणजे कॅट ६ ला साधारण अडीच सेंटिमीटर, त्याहून तीव्र नाही. ओढताना अकरा किलोच्या वर जोर लावायचा नाही, अडकली की मागे घ्यायची, दोघांनी लटकायचं नाही. एक जादा नायलॉनची दोरी पाईपमध्ये सोडून ठेवा, पुढच्या वायरीसाठी. मधे सांधा नाही म्हणजे नाही, टेप गुंडाळून तर अजिबात नाही.

टोकं बसवायचा क्रम दोन्हीकडे एकच ठेवायचा. आपल्याकडे टी५६८बी चालतो: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना आठही तारा सारख्याच पण मनाच्या क्रमाने लावल्या तरी टेस्टरचे सगळे दिवे लागतात आणि नेट मात्र रडतं, कारण जोड्या फुटतात. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. सॉलिड तारेला सॉलिडचाच जॅक आणि कॅट ६ ला कॅट ६ चा जॅक, ५ई च्या जॅकमध्ये जाड तार कोंबली की एखादी हमखास मागे राहते. जमलं तर टोकाला जॅकऐवजी मॉड्युलर प्लेटमध्ये बसणारं आरजे ४५ सॉकेट लावा.

पैसे द्यायच्या आधी

दिव्यांचा शे-दोनशे रुपयांचा टेस्टर फक्त तारा जुळल्यात का एवढंच सांगतो, तेवढा करून घ्याच. मग गिगाबिट पोर्टचा लॅपटॉप एका टोकाला आणि गिगाबिट राउटर दुसऱ्या टोकाला लावा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट इथे लिंक स्पीड दिसतो. १०००/१००० दिसला पाहिजे. त्यानंतर एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर पाच-दहा जीबीची फाईल टाका, सेकंदाला ११० एमबीच्या (हे मेगाबाइट, एमबीपीएसमधल्या मेगाबिटच्या आठपट) आसपास सलग गेली तर लाईन चांगली आहे. लॅपटॉपच्या डिस्कवर ती अडत नसेल एवढं बघा. लिंक १०० दाखवत असेल तर भिंतीतल्या वायरीवर ढकलू देऊ नका, आधी दोन्ही जॅक कापून नवीन बसवायला सांगा, त्यातच सुटतं बहुतेक वेळा. हे सगळं पीओपी बंद व्हायच्या आणि रंगारी यायच्या आधी. आणि प्रत्येक टोकाला मार्करने नाव लिहा, 'हॉल टीव्ही १', 'बेडरूम', दोन्हीकडे तेच. कपाटामागे सहा निळ्या वायरी एकसारख्या दिसायला लागल्या की आठवणीचा काही उपयोग नसतो.